‘रन’ पाठ करू नका, त्याची संगत पाहा

गुहागरजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरालगतच्या तीन खोल्यांत त्या पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतात. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी माध्यमातून. पुण्या-मुंबईचे पाहुणे निम्मं बोलणं इंग्रजीतच करतात आणि आता अधूनमधून परदेशी माणसंही येऊ लागली आहेत. एकाने फोनवर विचारलं, ‘डू यू हॅव रनिंग वॉटर?’ ताईंनी सांगितलं, हो, घरामागे पऱ्या आहे, डिसेंबरपर्यंत वाहता असतो. पलीकडचा माणूस गप्प झाला, आणि आपलं काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळलं. मग त्यांनी शब्दकोश उघडला, तर ‘रन’खाली अर्थांची रांगच रांग. त्या विचारतात, ‘शाळेत रन म्हणजे पळणे एवढंच शिकवलं होतं. आता हे सगळे अर्थ पाठ करू का? रोज दहा केले तर किती दिवसांत होतील?’

ताई, आधी त्या पऱ्याविषयी. तुमचं उत्तर भाषेच्या दृष्टीने चूक नव्हतं. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी, हा अर्थ खराच आहे, आणि तो तुम्हाला शिकवल्याशिवाय समजला. फक्त खोली घेऊ पाहणारा माणूस ते शब्द उच्चारतो तेव्हा त्याला नळाला पाणी येतं का, एवढंच हवं असतं. म्हणजे शब्द तुम्हाला कळला होता, प्रसंग हुकला. म्हणून तुमची खरी अडचण अर्थ किती आहेत ही नाहीच. समोरच्याचं वाक्य कानावर पडतं, त्या दोन-तीन सेकंदांत इतक्या अर्थांतला नेमका कोणता उचलायचा, ही अडचण आहे. पाठांतराने पहिलं जमेलही. दुसरं त्याने जमत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात ३१ वर्षं इंग्रजी शिकवते. दिवसा शाळा आणि संध्याकाळी मोठ्या मुलांचा वर्ग: कुणी जहाजावर जाणारं, कुणी गोव्याच्या हॉटेलात, कुणी नर्सिंगला. माझ्या लहानपणी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं. चार वर्षं आधी सुरुवात होऊनही एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, ही जोडी मात्र तशीच पक्की बसते. रन म्हणजे पळणे, टेक म्हणजे घेणे, सेट म्हणजे ठेवणे. लहान मुलाला सुरुवातीला एवढं पुरतं. पुढे कोणी ती गाठ सैल करून देत नाही आणि मग मोठेपणी फोनवर अशी पंचाईत होते.

पाठ करायचे म्हणाल तर आकडा ऐका. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ अशी चव्वेचाळीस वर्षं भागाभागांनी निघाला. १९८९ साली त्याची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती, चारशे तीसहून जास्त अर्थांची. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ पुन्हा तपासायला घेतला. पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका शब्दावर सुमारे नऊ महिने लागले, आणि २०११च्या सुमारास जाहीर झालं की नुसत्या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. तुमच्या हिशेबाने रोज दहा केले तर पासष्ट दिवस. पण जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या कुणीही हे ६४५ अर्थ पाठ केलेले नाहीत. तरी त्यांचं अडत नाही. का अडत नाही, ते तुम्हाला तुमच्या स्वतःच्या भाषेवरून कळेल.

वर्गात हा विषय निघाला की मी इंग्रजी बाजूला ठेवते आणि फळ्यावर एकच शब्द लिहिते: लागणे. प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं. भूक लागली. ठेच लागली. आग लागली. निकाल लागला. नोकरी लागली. दार लागलं. झोप लागली. विहिरीला पाणी लागलं. फणस लागले. दृष्ट लागली. तो माझा मामा लागतो. आमटी खारट लागते. तिचं बोलणं मनाला लागलं. होडी धक्क्याला लागली. पाऊस लागला. ती रडू लागली. मला जावं लागेल. वीस मिनिटांत फळा भरतो आणि मागच्या बाकावरून अजून वाक्यं येतच असतात. मग मी विचारते, यातले किती अर्थ तुम्हाला कुणी शिकवले? एकही नाही. पाठ केले होते? नाही. पण एखाद्या वाक्यात गोंधळ होतो का? तोही नाही.

गोंधळ कुणाचा होतो ते मी पाहिलेलं आहे. आमच्या शाळेत केरळहून आलेल्या एक शिक्षिका होत्या, मराठी नव्याने शिकत होत्या. सहलीच्या तयारीत त्यांनी एका दिवसात तीन वाक्यं ऐकली. एक मुलगी म्हणाली, ‘मला गाडी लागते.’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘आपल्याला अजून एक गाडी लागेल.’ आणि शिपाई धावत येऊन म्हणाला, ‘गाडी लागली.’ पहिलीला घाटात मळमळतं, दुसऱ्यांना गाडीची गरज आहे, आणि तिसरा सांगतोय की एसटी फलाटावर येऊन उभी राहिली. त्या बाईंनी वहीत तिन्ही वाक्यं लिहून मला दाखवली आणि विचारलं, ‘लागणे म्हणजे नेमकं काय?’ ताई, तुमचा प्रश्न अगदी तोच आहे, फक्त भाषांची अदलाबदल झाली आहे. इंग्रजी माणसं आपल्याकडे येऊन मराठी शिकली, तेव्हा तीही याच जागी अडली असणार. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात ‘लागणे’ची नोंद पाहिली की या एका शब्दामागे त्याला किती फिरावं लागलं ते दिसतं.

त्या बाईंना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. लागणे म्हणजे एक वस्तू दुसरीला जाऊन टेकणे, चिकटणे. होडी धक्क्याला टेकते, आग घराला चिकटते, भूक माणसाला येऊन चिकटते, मामा नात्याने जोडलेला असतो. मधलं चित्र एक, त्याच्याभोवती बाकीचे अर्थ वर्षानुवर्षं वाढत गेलेले. प्रत्येक अर्थ त्या चित्रातून सरळ निघतो असं मी म्हणणार नाही. काही इतके लांब गेलेत की धागा दिसत नाही. पण दहातले सात सापडतात, आणि सात सापडले की उरलेले तीन लक्षात ठेवणं जड जात नाही.

तर ‘रन’चं मधलं चित्र कोणतं? मी बरीच वर्षं ‘वेगाने जाणे’ असं सांगत होते. ते पुरेसं नाही, हे मला संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलाने दाखवलं. हर्णैचा, वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. मी ‘रनिंग बिफोर द विंड’ समजावत होते, म्हणजे शिडाची होडी वारा पाठीवर घेऊन जाते ते. तो म्हणाला, ‘बाई, म्हणजे मोकळं सोडलं की आपल्या वाटेने जात राहतं ते.’ त्या दिवसापासून मी हीच व्याख्या वापरते. तुमच्याकडे सुपारीची वाडी असेल तर पाटाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. विहिरीवरून पाणी सोडलं की ते पाटाने जात राहतं, वळणावर वळतं, झाडाच्या बुंध्याभोवतीच्या अळ्यात उतरतं. ते जोरात जातंय की हळू, हा मुद्दा नाही. वाट आहे, अडथळा नाही आणि जाणं चालू आहे. हेच ‘रन’.

हे चित्र मी ओढूनताणून काढलेलं नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीत होता तेव्हापासून पळणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. जर्मन भाषेत याच कुळातली दोन क्रियापदं आजही वेगळी नांदतात: ‘रिनेन’ पाण्याच्या वाहण्या-झिरपण्यासाठी, ‘रेनेन’ धावण्यासाठी. इंग्रजीत दोघांचं काम एकाच शब्दाने उचललं. आणि बारीक ओहोळाला इंग्रजीत ‘रनल’ म्हणतात, तोही ‘रन’चाच नातलग. म्हणजे तुमचा पऱ्या ‘रन’च्या घरातलाच आहे. त्या फोननंतर तुम्हाला जे अवघडल्यासारखं झालं, ते मनातून काढून टाका.

आता हे चित्र लावून पाहा. नाक वाहतंय, ‘माय नोज इज रनिंग’. नळ वाहता राहिलाय, ‘द टॅप इज रनिंग’. पाहुणीने धुवायला दिलेल्या कुर्त्याबद्दल ती विचारते, ‘विल द कलर रन?’ म्हणजे रंग जाईल का. रंगही पाण्याबरोबर सुटून आपल्या वाटेने निघतो. ‘द रोड रन्स अलाँग द सी’, रस्ता समुद्राच्या कडेने जातो. रस्ता हलत नाही, पण आपणही तो ‘जातो’ असंच म्हणतो. दशावतार रात्रभर चालतो, ते ‘इट रन्स ऑल नाइट’. इथे वाट जमिनीवरची नाही, वेळेची आहे. ‘इट रन्स इन द फॅमिली’, म्हणजे एखादा गुण किंवा आजार आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे येतो. पाटाचं पाणी एका अळ्यातून पुढच्या अळ्यात जावं तसा.

यंत्रांनी हा शब्द फार वाढवला. गिरणी आली, इंजिन आलं, आगगाडी आली, पुढे संगणक आला. प्रत्येक वेळी इंग्रजांना एक क्रियापद हवं होतं: सुरू केलं की आपोआप होत राहतं, त्याला काय म्हणायचं? ‘रन’ हाताशी होता. मराठीपुढेही तोच प्रश्न आला आणि आपण दुसरा शब्द उचलला: चालणे. घड्याळ चालतं, इंजिन चालतं, दुकान चालतं, खटला चालतो. इंग्रजी जिथे धावतं तिथे मराठी चालते! माझ्या अनुभवात ‘रन’ समजून घ्यायची सगळ्यांत उपयोगी गुरुकिल्ली हीच. यंत्र, धंदा, संस्था, फेऱ्या यांच्याबद्दल बोलणं असेल आणि मध्ये ‘रन’ आला, तर मनातल्या ‘पळणे’च्या जागी ‘चालणे’ ठेवा. बहुतेक वेळा कुलूप उघडतं.

तुमच्याकडचंच उदाहरण घ्या. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणारे पाहुणे पावसाळ्यात विचारतील, ‘इज द फेरी रनिंग?’ त्यांना बोटीचा वेग नको आहे. फेऱ्या चालू आहेत की बंद, एवढं हवं आहे. ‘हाऊ ऑफन डझ द बस रन?’ म्हणजे बस किती वेळाने आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८पासून रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत पूर्ण धावू लागली आणि स्टेशनवर एक वाक्य आपल्या कानात बसलं: गाडी अमुक मिनिटं उशिराने धावत आहे. ते सरळ ‘रनिंग लेट’चं भाषांतर आहे. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी कुठल्याशा छोट्या स्टेशनात अर्धा तास ठप्प उभी असते, तरी इंग्रजीत ती ‘रनिंग लेट’च असते. म्हणून पाहुण्यांचा निरोप आला, ‘वी आर रनिंग लेट’, तर ते पळत नाहीयेत. त्यांना उशीर होतोय, जेवण झाकून ठेवा.

ही गुरुकिल्ली उलट फिरवताना मात्र सांभाळा. मराठीत जिथे जिथे ‘चालणे’ येतं तिथे तिथे ‘रन’ बसत नाही. ‘चालेल’ला तो नाही, तिथे ‘ओके’ किंवा ‘दॅट्स फाइन’. ‘इथे कार्ड चालतं का’ याला नाही. कार रस्त्यावर चालवायची तर ‘ड्राइव्ह’. ‘पाऊस चालू आहे’लाही नाही. ऐकताना ‘चालणे’वर भरवसा ठेवा, बोलताना तपासून वापरा. ऐकणं आणि बोलणं यांचे नियम वेगळे असतात, आणि शाळेत आम्ही शिक्षक हे पुरेसं सांगत नाही.

इथे एका ठिकाणी जरा थांबते, कारण मराठी माध्यमातली हुशार मुलंसुद्धा इथेच घसरतात. मराठीत गोष्ट आपोआप होते तेव्हा ‘चालणे’ आणि ती कुणी करतं तेव्हा ‘चालवणे’. पळणे-पळवणे, बसणे-बसवणे, शिकणे-शिकवणे. एका ‘व’ने आपल्याला लगेच कळतं की मागे कुणीतरी करणारा आहे. इंग्रजीत ‘रन’ला असा ‘व’ नाही. ‘द इंजिन रन्स’ आणि ‘ही रन्स द इंजिन’, शब्द तोच. मग ओळखायचं कसं? ‘रन’च्या लगेच पुढे एखादी वस्तू किंवा कामाचं नाव आलं का, हे पाहायचं. आलं तर ‘चालवणे’. परदेशी पाहुणा अंगणात येऊन विचारतो, ‘हू रन्स धिस प्लेस?’ ‘रन्स’च्या पुढे लगेच ‘धिस प्लेस’ आहे. हे चालवतं कोण? उत्तर द्या, ‘आय रन इट.’ घर सासऱ्यांच्या नावावर असेल तरी चालवणाऱ्या तुम्ही आहात आणि ‘रन’ तेच सांगतो. मालकी विचारायची असेल तर तो ‘ओन’ म्हणेल. हे वाक्य तुम्ही मान वर करून म्हणावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका खानावळी, पापड-लोणच्यांचे धंदे, मासळीचे लिलावसुद्धा चालवतात आणि विचारलं की ‘मी घरीच असते’ म्हणतात.

हाच ‘चालवणे’चा धागा आणखी थोडा ताणला की ‘रन मी टू द स्टेशन’ कळतं: मला स्टेशनपर्यंत सोडता का? आणि ‘रन अ बाथ’, म्हणजे अंघोळीचं पाणी सोडणे. तुमच्या न्हाणीत टब नसला तरी पाहुणा सवयीने असं म्हणेल. बंबातलं पाणी काढून द्या, काम झालं.

आता दुसरी अवघड जागा: मागे चिकटणारे छोटे शब्द. आउट, इनटू, ओव्हर, डाउन, अप. यांनी अर्थ पार बदलतो, आणि इथे मधलं चित्र अर्धवटच मदतीला येतं. किनाऱ्यावर टेनिस बॉलच्या मॅचला ‘रनआऊट’ ऐकून मोठी झालेली आपली मुलं ‘वी हॅव रन आउट ऑफ फिश’ ऐकून चक्रावतात. मासे पळाले? धावबाद झाले? वाक्याचा अर्थ एवढाच: मासे संपले. साठा वाहत वाहत बाहेर गेला, तळ दिसला. मागे ‘ऑफ’ आणि वस्तू आली की संपणं समजा: गॅस, डिझेल, सुट्टे पैसे, वेळ. तुम्हाला हे वाक्य स्वतःलाही लागेल, विशेषतः १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, पाहुणा सुरमई मागतो तेव्हा.

‘रन इनटू’ला पुढे माणूस असेल तर अवचित भेटणे, आणि खांब किंवा गुरं असतील तर धडकणे. ‘आय रॅन इनटू युअर ब्रदर इन चिपळूण’ ऐकून घाबरू नका, भाऊ सुखरूप आहे. ‘रन ओव्हर’ मात्र गाडीखाली येणं. ‘रन डाउन’ घराबद्दल असेल तर पडझड झालेलं, माणसाबद्दल असेल तर थकून गळालेला. बिल ‘रन अप’ होतं ते चढतं. ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे, ‘रन आउट’च्या एक पायरी आधी. हे मी भराभर सांगते आहे, कारण यांचं पाठांतर करून फायदा नसतो. एकेक प्रसंगात एकेकदा ऐकलं की बसतं.

एक मात्र आजच लक्षात ठेवा, कारण त्यात माणसाच्या तब्येतीचा प्रश्न आहे. ‘माय सन हॅज द रन्स.’ आधी ‘द’, शेवटी ‘स’. याचा क्रिकेटशी संबंध नाही. मुलाला जुलाब लागलेत. (इथेसुद्धा मराठीत ‘लागणे’च आलं, पाहा.) ‘ही इज रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप आहे. पाहुण्यांकडून ही दोन्ही वाक्यं एकाच सकाळी आली तर नाश्त्याचं नंतर पाहा, आधी जलसंजीवनी द्या आणि डॉक्टरांचा पत्ता सांगा.

नाम म्हणून ‘रन’चा पसारा वेगळाच आहे. क्रिकेटमधली धाव म्हणजे दोन फलंदाजांनी खरोखर पळून काढलेली. चौकाराला कुणी पळत नाही तरी हिशेब धावांतच होतो. बोटीची किंवा टेम्पोची एक खेप म्हणजेही ‘रन’. कोंबड्यांसाठी जाळी लावून केलेलं आवार, तेही ‘चिकन रन’. आणि ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे तीन दिवस सलग, ‘इट हॅज रेन्ड थ्री डेज रनिंग’. यातलं तुम्हाला किती लागेल हे तुमच्या पाहुण्यांवर अवलंबून आहे, आत्ता सोडून दिलंत तरी काही बिघडणार नाही.

अवलंबून म्हटलं, तर तेही स्पष्ट सांगते. मी हे सगळं पाहुण्यांशी बोलणं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. तुमच्या घरात कुणी बारावीचं किंवा स्पर्धा परीक्षेचं असेल तर त्याला छोट्या शब्दांचे गट बसून करावेच लागतील, कारण परीक्षेत प्रसंग समोर नसतो, नुसती रिकामी जागा असते. कुणाला इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या असतील तर त्याने प्रत्येक ‘रन’पाशी थांबूच नये, अंदाजाने पुढे जावं. आणि जहाजावर जाणाऱ्या मुलांना मी याच्या बरोबर उलट सांगते. ‘रन अग्राउंड’, म्हणजे तळ टेकून जहाज रुतणं, असे शब्द त्यांना अंदाजाने नाही, अचूकच यायला हवेत. तिथे चूक महागात पडते.

तुमच्यासाठी मी एक वही सुचवेन. दहा अर्थ रोज, असं नको. ज्या दिवशी ‘रन’ ऐकू येईल त्या दिवशी ते अख्खं वाक्य देवनागरीत लिहायचं, जसं ऐकलं तसं. खाली दोन ओळी: कोण बोललं आणि तेव्हा समोर काय चाललं होतं. मग स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. हे ‘रन’ होणारं कोण आहे: माणूस, पाणी, यंत्र, रस्ता, की वेळ? आणि ‘रन’च्या लगेच पुढे काय आहे: काहीच नाही, एखादी वस्तू, की तो छोटा शब्द? एवढ्यावर मराठीत जे वाक्य सहज तोंडात येईल ते लिहायचं, शब्दाला शब्द न जुळवता. तुमच्या पऱ्याच्या वाक्यावर हे करून पाहा. ‘रन’ होणारं काय, तर पाणी. बोललं कोण, तर खोली घेऊ पाहणारा. लगेच नळ डोळ्यांपुढे येतो. माझ्या संध्याकाळच्या वर्गात हंगामभर अशी वही ठेवणाऱ्यांची साधारण तीस-चाळीस वाक्यं होतात. त्यात पाचेक प्रकारच पुन्हापुन्हा येताना दिसतात, आणि रोजच्या बोलण्याला ते पुरतात.

कोश घ्यायचाच असेल तर नुसता मराठी अर्थ देणारा खिशातला कोश या शब्दासाठी कामाचा नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, प्रत्येक अर्थाला सोपं वाक्य देणारा कोश घ्या. असा पहिला नावाजलेला कोश ए. एस. हॉर्नबी यांनी केला. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, म्हणजे परक्या माणसाला कुठे अडतं हे त्यांनी रोज पाहिलं होतं. ऑक्सफर्डने तो १९४८ साली काढला आणि त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. त्यातही अर्थ नंतर वाचा, आधी उदाहरणाची वाक्यं वाचा.

वहीचं पहिलं वाक्य मी देते, कारण ते तुम्हाला पाहुण्यांना सांगावं लागणार आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर कधी संध्याकाळीच ओहोटी लागते आणि पोहायला न सरावलेली माणसं पाण्यात पुढे पुढे जातात. आपण ‘ओहोटी लागली’ म्हणतो. इंग्रजीत म्हणतात, ‘द टाइड इज रनिंग आउट.’ आपल्याकडचा लागणे आणि त्यांच्याकडचा रन इथे एकाच पाण्याबद्दल बोलतात. त्याला जोडून म्हणा, ‘द करंट रन्स स्ट्राँग हिअर. प्लीज कम बॅक.’ इथे पाण्याला ओढ फार आहे, मागे या. दोन्ही वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून पायवाटेच्या तोंडाशी लावून ठेवा.